बिटकॉइन टिकेलही, पण आपाच्या पैशांचं काय?

गेल्या नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळीच आपाचा फोन आला. "आज घाटकोपरला ये. एक तर तुझ्या भाच्याला समजाव, नाहीतर मला तरी समजाव." एवढं बोलून तिने फोन ठेवला. आपा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. भावजींच्या इंतकालनंतर तिने शिवणकाम आणि डबे करून घर चालवलं, मुलाला बी.कॉम. केलं. त्यातूनच थोडे थोडे बाजूला टाकत तिने हजसाठी पावणेतीन लाख रुपये जमवले आहेत. मुंबईहून हज कमिटीमार्फत जायचं तरी त्याहून जास्तच खर्च धरावा लागतो. म्हणजे अजून थोडे कमी पडतात.

भाच्याचं म्हणणं असं होतं की हे पैसे बँकेत नुसते पडून आहेत. ते बिटकॉइनमध्ये घातले तर वर्ष-दीड वर्षात दुप्पट होतील, मग अम्मी एकटीच कशाला, खालालाही बरोबर नेता येईल. त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. आईला हजला पाठवायचं हेच त्याच्या मनात होतं. म्हणूनच आपाला 'नाही' म्हणता येईना.

जोगेश्वरीहून अंधेरीला आले आणि मेट्रो पकडली. भाचा साकीनाक्याला नोकरी करतो, रविवारची अर्धी पाळी संपवून तो तिथेच माझ्या डब्यात चढला. सलाम करून शेजारी बसला आणि घाटकोपर येईपर्यंत मोबाईलवर आलेख दाखवत राहिला. "खाला, हे बघ. ऑक्टोबरात सव्वा लाख डॉलरच्या वर होता. आता नव्वद हजारांच्या खाली आलाय. सेल लागलाय असं समज."

मी आलेख बघत होते खरी, पण मनात दुसरंच चाललं होतं. या विषयातला माझाही एक हिशेब आहे आणि तो मी तोवर कोणालाच सांगितला नव्हता. त्याकडे येतेच.

आपाने चहा ठेवला आणि आम्ही तिघं बसलो. मी मास्तरीण असल्यामुळे पहिला प्रश्न मीच विचारला. "तुझी अम्मी पैसे देणार, तर तिला आधी सांग, बिटकॉइन म्हणजे काय?"

पोराने अभ्यास केला होता, हे कबूल करते. त्याने आईला सांगितलं ते थोडक्यात असं. ही एक खातेवही आहे. कोणी कोणाला किती दिले, याच्या नोंदी तिच्यात होतात. बँकेची वही बँकेकडे असते, ही वही मात्र जगभरच्या हजारो संगणकांवर एकसारखी असते. साधारण दर दहा मिनिटांनी नोंदींचं नवं पान तिला जोडलं जातं. मागचं पान कोणी गुपचूप बदललं तर ते बाकीच्यांच्या वहीशी जुळत नाही आणि बाद होतं. २००८ साली सातोशी नाकामोतो या नावाने कोणीतरी ही कल्पना मांडली, जानेवारी २००९ मध्ये वही सुरू झाली. तो माणूस कोण, हे आजही उघड झालेलं नाही. एकूण बिटकॉइन २ कोटी १० लाखांच्या वर कधीच निघणार नाहीत आणि नवे निघण्याचं प्रमाण सुमारे दर चार वर्षांनी निम्मं होतं. शेवटचं असं निम्मं झालं ते एप्रिल २०२४ मध्ये.

"म्हणजे सरकारला वाटलं म्हणून नोटा छापता येतात, तसं यात नाही," तो म्हणाला.

आपाने विचारलं, "पण याच्यामागे आहे कोण? नोटेवर गव्हर्नरची सही तरी असते."

"सहीचं काय घेऊन बसलीस अम्मी? ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटांवर सही नव्हती का? आणि ती भांडुपची बँक?"

भांडुपची बँक म्हणजे पीएमसी. तिचं मुख्यालय भांडुपला होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले आणि सुरुवातीला खातेदाराला फक्त एक हजार रुपये काढता येत होते. मुलुंड-भांडुपच्या रांगांत उभे राहिलेले म्हातारे आम्ही टीव्हीवर पाहिले होते. पोराचा मुद्दा खोटा नव्हता. मग त्याने शेवटचा पत्ता टाकला. "आणि नानांच्या दिनारचं काय झालं, ते तुम्ही दोघींनीच मला सांगितलंय ना?"

आम्ही दोघी गप्प झालो.

अब्बा कुवेतला फाहाहीलमध्ये गॅरेजात कामाला होते. आमचं गाव म्हसळ्याजवळचं. आमच्या गावातल्या घरटी एक माणूस आखातात, अशी तेव्हाची स्थिती. २ ऑगस्ट १९९० ला इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. अम्मी रेडिओला कान लावून बसायची. अब्बा बगदादमार्गे जॉर्डनला पोहोचले आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला उतरले. त्या दोन-अडीच महिन्यांत सुमारे एक लाख सत्तर हजार हिंदी माणसांना असं परत आणलं गेलं. अब्बांच्या पट्ट्यात सहाशे कुवेती दिनार शिवलेले होते. लढाईआधी एका दिनारचे साठेक रुपये येत. पण ज्या देशावरच कब्जा झाला, त्याच्या नोटा घेणार कोण? अम्मानच्या रस्त्यावर अब्बांनी त्यातले बहुतेक दिनार आठ-दहा रुपयांच्या भावाने काढून टाकले. घरी चार तोंडं होती, माझ्या मोठ्या भावाचा टायफॉइड चालू होता आणि पुढचा पगार कधी येणार हे ठाऊक नव्हतं.

"बघ," भाचा म्हणाला, "सरकारी चलन असून रातोरात कागद झाला. बिटकॉइनवर कुठलं सैन्य चाल करून जाणार?"

इथपर्यंतची गोष्ट त्याला माहीत होती. पुढची माहीत नव्हती, ती मी सांगितली. आमच्याच मोहल्ल्यातले एक चाचा अब्बांबरोबर त्याच विमानाने आले. त्यांच्याकडेही दिनार होते. त्यांनी ते विकले नाहीत, पेटीत ठेवून दिले. १९९१ च्या फेब्रुवारीत कुवेत मुक्त झालं. त्या सरकारने नव्या नोटा काढल्या, इराक्यांनी लुटून नेलेल्या नोटांचे क्रमांक रद्द केले आणि बाकीच्या जुन्या नोटा ठरलेल्या मुदतीत बदलून दिल्या. चाचा त्याच वर्षी कामावर परत गेले आणि त्यांना त्यांच्या दिनारची पूर्ण किंमत मिळाली. आजही कुवेती दिनार हे जगातलं सगळ्यात महाग चलन मानलं जातं.

म्हणजे दिनार टिकला होता. अब्बांना तेवढे दिवस टिकून राहता आलं नाही. चाचांच्या घरी भाताची शेती होती, धाकटा भाऊ मुंबईत कमावता होता. ते थांबू शकले. यात चाचा हुशार आणि अब्बा बावळट, असं काही नव्हतं. अब्बांना पैसे सप्टेंबरात हवे होते, एवढाच फरक.

आता माझा हिशेब. २०२१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात क्रिकेटच्या सामन्यांमध्ये षटकागणिक क्रिप्टोच्या जाहिराती लागत होत्या. आमच्या टीचर्स रूममध्येही तोच विषय. मला सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचा हप्ता मिळाला होता. त्यातले पन्नास हजार मी बिटकॉइनमध्ये घातले. भलत्यासलत्या नाण्यात नाही, सगळ्यात जुन्या आणि नावाजलेल्या नाण्यात. तेव्हा भाव ६५ हजार डॉलरच्या आसपास होता, त्याच महिन्यात तो ६९ हजारांना टेकला. आठवडाभर मी रोज मोबाईल उघडून खूश होत होते. मग भाव घसरायला लागला. मे २०२२ मध्ये लूना नावाचं एक मोठं नाणं काही दिवसांत जवळजवळ शून्यावर आलं, त्याच्या धक्क्याने सगळा बाजार कोसळला. जूनअखेर बिटकॉइन वीस हजारांवर होता. नेमकं त्याच महिन्यात माझ्या मिस्टरांचं मुतखड्याचं ऑपरेशन निघालं. मी विकलं. हातात सोळा हजार आणि काही रुपये आले. पन्नास हजारांचं काय झालं, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की शाळेतल्या एका बाईंना उसने दिलेत, हळूहळू परत येतील.

डिसेंबर २०२४ मध्ये बिटकॉइनने एक लाख डॉलरचा टप्पा ओलांडला. माझे ते पन्नास हजार तेव्हा ऐंशी हजारांच्या पुढे गेले असते. बिटकॉइन बुडाला नाही. बुडाले ते मी आणि माझ्यासारखे, ज्यांना जूनमध्ये पैसे लागणार होते.

हे सांगताना भाच्याकडे बघवत नव्हतं. आपाने नुसता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

थोड्या वेळाने मी त्याला म्हटलं, "आता तुझे दोन प्रश्न वेगळे करू. हे टिकेल का, हा एक. आपण यात पैसे घालावेत का, हा दुसरा. तू पहिल्याचं उत्तर देतोस आणि दुसराही सुटला असं धरून चालतोस."

पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. बिटकॉइन बहुतेक टिकेल. सतरा वर्षं झाली, कितीदा तरी लोकांनी त्याचा जनाजा उठवला आणि तो पुन्हा उभा राहिला. जानेवारी २०२४ पासून अमेरिकेत त्याचे फंड शेअर बाजारात रीतसर विकले जातात. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं होतं, ते सुप्रीम कोर्टाने ४ मार्च २०२० ला रद्द केलं. आज भारतात क्रिप्टो घेणं-विकणं गुन्हा नाही. पण ते कायदेशीर चलनही नाही, दुकानदाराने ते घेतलंच पाहिजे असं बंधन नाही. बिटकॉइनखेरीज जी हजारो नाणी निघाली, त्यांतली बहुतेक मात्र टिकणार नाहीत. पुष्कळशी आत्ताच मेलेली आहेत, फक्त त्यांचं नाव यादीत आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना तीन-चार गोष्टी बघाव्या लागतात. पहिली कराची. १ एप्रिल २०२२ पासून यातल्या नफ्यावर सरळ ३० टक्के कर आहे, वर अधिभार. एका नाण्यात तोटा आणि दुसऱ्यात नफा झाला तर तोटा वजा करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून विकताना एक टक्का टीडीएसही कापला जातो. म्हणजे दुप्पट झाले तरी हातात दुप्पट येत नाहीत.

दुसरी गोष्ट, वही पक्की असली तरी ती ज्या दुकानातून आपण उघडतो ते दुकान पक्कं असेलच असं नाही. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या मुंबईत सुरू झालेल्या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे दोन हजार कोटी रुपयांच्या आसपासचं क्रिप्टो चोरीला गेलं. उत्तर कोरियाच्या हॅकरांनी हे केलं, असं अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी पुढे संयुक्त निवेदनात म्हटलं. व्यवहार थांबले. प्रकरण सिंगापूरच्या कोर्टात गेलं आणि ते पुन्हा सुरू व्हायला पंधरा महिने लागले. त्या पंधरा महिन्यांत कोणाची हजची तारीख असती तर? पीएमसीच्या खातेदारांचे हाल झालेच, मोठ्या ठेवीदारांचे तर अजूनही टप्प्याटप्प्याने यायचे आहेत. पण बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. क्रिप्टोला तसा विमा नाही.

तिसरी गोष्ट ठगांची. बिटकॉइन स्वतः कोणाला फसवत नाही, त्याच्या नावाने माणसं फसवतात. गेनबिटकॉइनची योजना आठवते का? अमित भारद्वाजने दरमहा १० टक्के, तेही अठरा महिने, देण्याचं आश्वासन दिलं होतं. पुणे, नांदेडपर्यंत लोक त्यात गेले. एप्रिल २०१८ मध्ये त्याला पुणे पोलिसांनी पकडलं, जानेवारी २०२२ मध्ये तो वारला. आणखी विचित्र म्हणजे, या तपासात मदतीला घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांनाच मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. आरोप होता, आरोपींचे बिटकॉइन स्वतःकडे वळवल्याचा.

यावर भाचा म्हणाला, "मी कुठल्या योजनेत टाकत नाहीये, खाला. सरळ विकत घेऊन ठेवणार."

"ठीक. मग चौथी गोष्ट ऐक."

ही चौथी गोष्ट आपल्या वाचकांपैकी मुसलमान घरांना जास्त जवळची आहे. आपाचे पावणेतीन लाख बँकेत 'नुसते पडून' का आहेत? कारण ती व्याज घेत नाही. एफडी करत नाही. सोनं तेव्हा तोळ्याला सव्वा लाखाच्या घरात होतं. जागा घेण्याची तर बातच नको. मग तिच्यासारखीचा पैसा जाणार कुठे? या अडचणीतूनच 'हलाल नफा' म्हणणाऱ्यांचा धंदा चालतो. बंगळूरच्या आयएमएने हेच शब्द वापरून हजारो मुसलमान घरांकडून पैसा गोळा केला आणि जून २०१९ मध्ये मालक देश सोडून पळाला. मुलींच्या लग्नाचे, विधवांच्या पेन्शनचे पैसे होते त्यात. दाढी आणि दुआ बघून लोकांनी ऐतबार ठेवला.

क्रिप्टोबद्दल उलेमांमध्येच एकमत नाही. इजिप्तच्या मुफ्तींनी जानेवारी २०१८ मध्ये ते नाजायज ठरवलं. इंडोनेशियाच्या उलेमा कौन्सिलने नोव्हेंबर २०२१ मध्ये चलन म्हणून ते हराम म्हटलं. मलेशियाच्या सिक्युरिटीज कमिशनच्या शरीया सल्लागारांनी मात्र २०२० मध्ये काही अटींवर व्यवहार जायज मानले. मी आलिमा नाही, फतवा देणं माझं काम नाही. पण नाजायज म्हणणारे ज्या दोन शब्दांवर बोट ठेवतात, ते मला साध्या माणसाच्या अकलेलाही पटतात. गरर, म्हणजे काय घेतोय आणि त्याचं काय होणार याचा भरोसा नसणं. आणि मैसर, म्हणजे जुगार. एकाच नाण्याची खरेदी एकासाठी गुंतवणूक असेल आणि दुसऱ्यासाठी जुगार. ज्याला ते पैसे ठरल्या तारखेला परत हवे आहेत, त्याने चढत्या-उतरत्या भावावर ते लावले तर त्याला मी तरी जुगारच म्हणेन.

आपा इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "माझ्या या पैशात एकेका ब्लाउजची शिलाई आहे. काबा बघायला जायचं ते मला माहीत असलेल्या पैशाने जायचं. दुप्पट झाले आणि कुठून झाले हेच मला कळलं नाही, तर मी तिथे उभी राहून काय सांगू?"

हे वाक्य माझ्या सगळ्या आकड्यांपेक्षा भारी पडलं. पोराची मान खाली गेली.

मी वर्गात 'पत' हा शब्द शिकवते तेव्हा मुलांना सांगते की मराठीत माणसाची अब्रू आणि त्याची कर्ज मिळवण्याची ऐपत, दोन्हीला हा एकच शब्द चालतो. उर्दूत 'साख' तसाच. दोन्ही भाषांना कधीच कळलेलं होतं की पैसा शेवटी भरवशावर चालतो. बिटकॉइनवाल्यांचा दावा आहे की त्यांनी भरवशाची गरजच संपवली, माणसाऐवजी गणितावर विसंबा. गणित चोख आहेच. पण उद्या माझ्याकडून तो कोण आणि कितीला घेणार, हे त्या गणितात लिहिलेलं नाही. ते पुन्हा माणसांवरच आहे, त्यांच्या हावेवर आणि भीतीवर.

शेवटी ठरलं ते असं. आपाचे पैसे जिथे आहेत तिथेच राहतील. कमी पडणारे पैसे पुढच्या अर्जापर्यंत भाचा आपल्या पगारातून दरमहा चार हजार देऊन भरेल, मीही भर घालेन. आपाला पुढे आणखी शिल्लक टाकता आली तर थोडं सोनं, किंवा शरीयाच्या निकषांवर कंपन्या निवडणारे जे म्युच्युअल फंड आपल्याकडे गेली कित्येक वर्षं आहेत, त्यांची नीट चौकशी करून बघू. त्यातही भाव खाली-वर होतो, हे तिला मी आधीच सांगितलं आहे.

आणि भाच्याने बिटकॉइन घ्यायचाच असेल तर मी त्याला अडवणार नाही. त्यावर मी तीन अटी घातल्या. पैसा स्वतःच्या कमाईचा असावा, उसना नको आणि अम्मीचा तर नकोच. पाच वर्षं तो लागणार नाही अशी खात्री असेल तेवढाच असावा, आणि सगळा गेला तरी घरातल्या कोणाला त्याचं तोंड चुकवावं लागणार नाही एवढाच असावा. त्याने हिशेब केला आणि महिन्याला हजार रुपयांवर आला.

जिना उतरताना त्याने विचारलं, "खाला, आणि समजा पुढच्या वर्षी खरंच दुप्पट झाला तर?"

"तर माझ्यावर रुसून बस," मी म्हटलं. "मी ऐकून घेईन."

होऊही शकतं. दुप्पट झाला तर माझा अंदाज चुकला असं लोक म्हणतील. पण अब्बांनी अम्मानमध्ये विकलेले दिनार पुढे किती महाग झाले, यावरून अब्बांचा निर्णय चुकला असं मी कधीच म्हणू शकले नाही. त्या सप्टेंबरात भावाचं औषध त्याच पैशांतून आलं.

रात्री घरी आले. जेवणं झाल्यावर मिस्टरांना ते पन्नास हजार कुठे गेले होते ते सांगितलं. साडेतीन वर्षं उशिराने. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या बाईंना मी दर ईदला मनातल्या मनात शिव्या द्यायचो. आता आधी त्यांची माफी मागितली पाहिजे."